परसातल्या कोंबड्या आणि जमिनीतले जंत



ज्या विषयावर आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे, तो फारसा शोभिवंत नाही. कोंबड्यांच्या पोटातील जंत हा काही कोणी हौसेने ऐकावा असा विषय नव्हे. परंतु ज्यांच्या परसात चार कोंबड्या आहेत, किंवा ज्यांच्या घरी शेजारच्या परसातली अंडी येतात, अशा सर्वांशी त्याचा संबंध पोहोचतो. मी पेशाने शिक्षिका आहे, पशुवैद्य नव्हे. तेव्हा मी जे सांगणार आहे ते पशुवैद्यांकडून ऐकलेले, पुस्तकांतून पडताळून पाहिलेले आणि स्वतःच्या एका चुकीतून उमगलेले असे आहे. त्या चुकीपासूनच आरंभ करते.

भोपाळच्या नेहरूनगरात आम्ही राहतो. आमच्या घरामागे नाल्याच्या बाजूला एक लहानशी वस्ती आहे. तेथे मुलताईकडून आलेल्या एक वयस्क बाई राहतात. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्यांच्या परसात नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा. आमच्या गल्लीतील पाच-सहा घरी त्या अंडी देत, आणि त्या पैशांतून नातवाच्या वह्यापुस्तकांचा खर्च निघे. तो नातू माझ्याच वर्गात आहे.

आषाढातील एका सकाळी पोळा करण्यासाठी मी त्यांच्याकडील अंडे फोडले, तो बलकाशेजारी वीतभर नव्हे, पण चांगला बोटभर लांबीचा, पिवळसर पांढरा, दोऱ्यासारखा एक जंत वशीत पडला. मी किंचाळलेच. माझी मुलगी धावत आली, तिने पाहिले, आणि दुपारपर्यंत ती हकीकत सर्व गल्लीला ठाऊक झाली. दुसऱ्या दिवसापासून मावशींची अंडी कोणी घेईना. त्या माझ्या दारात आल्या आणि एवढेच म्हणाल्या, “बाई, मी काय पाप केलं?” याला उत्तर माझ्यापाशी नव्हते.

आज ते उत्तर मला ठाऊक आहे. कोंबडीच्या लहान आतड्यात एक मोठा गोलजंत राहतो. शास्त्रात त्याला अ‍ॅस्कॅरिडिया गॅली असे नाव आहे. त्याची लांबी पाच सेंटिमीटरपासून दहा-अकरा सेंटिमीटरपर्यंत भरते. कोंबडीची शीट आणि अंडे ही अखेरीस एकाच वाटेने बाहेर पडतात. क्वचित एखादा जंत त्या ठिकाणाहून भलत्या बाजूला, म्हणजे अंडवाहिनीत चढतो आणि कवच तयार होण्यापूर्वी अंड्यात अडकतो. असे फार विरळा घडते. हा जंत माणसाच्या पोटात वाढत नाही, त्यामुळे ज्याने असे अंडे पाहिले त्याला किळस आली तरी रोग जडत नाही. मात्र त्या कोंबडीच्या पोटात जंत झाले आहेत, याचा तो निःसंशय पुरावा असतो. हे त्या दिवशी मला ठाऊक असते, तर मी गल्लीची समजूत घातली असती. ठाऊक नव्हते, म्हणून एका घरचे उत्पन्न बंद पडले.

आता माझी दुसरी चूक ऐका. आमच्या शाळेत राष्ट्रीय जंतमुक्ती दिनाला मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. २०१५ सालापासून १० फेब्रुवारीला हा कार्यक्रम होतो, आणि पुष्कळ राज्यांत ऑगस्टमध्ये त्याची दुसरी फेरी असते. गोळी चावून खाल्ली की नाही हे पाहण्याचे काम आम्हा शिक्षकांकडे असते. तेव्हा जंतांवरील औषध मला माहीत आहे, या भरवशावर मी मावशींना सांगितले, “दुकानातून एक गोळी आणा, कुटून बादलीभर पाण्यात कालवा आणि ती बादली कोंबड्यांपुढे ठेवा.” त्यांनी तसे केले. दोन कोंबड्यांच्या शिटेतून जंत पडले. आम्हांला वाटले, काम झाले. परंतु पाच-सहा आठवड्यांनी त्याच कोंबड्या पुन्हा पंख पाडून बसू लागल्या, आणि अंड्यावर येऊ घातलेली एक चांगली तलंग मेली.

त्या मेलेल्या तलंगीला घेऊन आम्ही पशुचिकित्सालयात गेलो. तेथील डॉक्टरांनी तिचे आतडे उघडून दाखवले. आत शेवयांची गुंडाळी भरावी तसे जंत भरले होते. अन्नाला पुढे सरकावयास वाटच राहिली नव्हती. डॉक्टरांनी सर्व हकीकत ऐकून घेतली आणि विचारले, “औषध तुम्ही कोंबड्यांना दिलंत. अंगणाला काय दिलंत?” माझे आजचे सारे भाषण या एका प्रश्नाचा विस्तार आहे.

प्रथम या जंताचा जीवनक्रम पाहू. मादी दररोज हजारो अंडी घालते. ती डोळ्यांना दिसत नाहीत, शिटेबरोबर जमिनीवर पडतात. पडल्याबरोबर ती बाधत नाहीत. परंतु ऊब आणि ओल मिळाली म्हणजे सुमारे दहा ते वीस दिवसांत त्यांच्या आत अळी तयार होते, आणि मग ते अंडे टिपणाऱ्या कोंबडीला जंत होतो. पोटात गेल्यावर अळी काही दिवस, कधी काही आठवडे, आतड्याच्या अस्तरात शिरून राहते. मग पोकळीत येऊन मोठी होते. टिपलेल्या अंड्यापासून नवी अंडी घालणारा जंत तयार व्हावयास पाच ते आठ आठवडे लागतात. जमिनीतील ही अंडी मोठी चिवट असतात. त्यांच्या जाड कवचापुढे नेहमीच्या जंतुनाशकांचे काही चालत नाही. सावलीत, ओलीत ती महिनोन्‌महिने जिवंत राहतात. त्यांना मारतो तो रखरखीत कोरडेपणा आणि कडक ऊन. आमच्या भोपाळात काय किंवा आपल्या कोकणात काय, पावसाळ्याचे चार महिने या दोन्ही गोष्टी दुर्मिळ असतात.

आता लक्षात येईल की आमचे औषध का फसले. कोंबडी औषधाने मोकळी झाली, पण तिच्या पायांखालची माती मोकळी झाली नव्हती. ती दुसऱ्याच दिवशी त्याच मातीत चोच मारू लागली. शिवाय काही औषधे केवळ पोकळीतील मोठ्या जंतांवर चालतात, अस्तरातील अळ्या त्यांतून वाचतात. म्हणून एकाच मात्रेवर थांबणे बहुधा पुरत नाही. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागते.

परसातील कोंबड्यांना केवळ हा एकच जंत होत नाही. आतड्याच्या टोकाशी ज्या दोन आंधळ्या पिशव्या असतात, त्यांत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीचे बारीक जंत राहतात. कोंबडीला त्यांचा त्रास थोडाच होतो. परंतु त्यांच्या अंड्यांतून ‘काळे डोके’ या नावाच्या रोगाचे सूक्ष्म जीव पसरतात, आणि तो रोग टर्की पक्ष्यांना फार घातक असतो. म्हणून कोंबड्या आणि टर्की एका आवारात ठेवू नयेत. तिसरा प्रकार केसासारख्या तलम जंतांचा. ते नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत, पण कोंबडीला फार खंगवतात. चौथा प्रकार पट्टकृमींचा. त्यांचे तुटलेले तुकडे शिटेवर तांदळाच्या कणीसारखे दिसतात. हे पट्टकृमी एका कोंबडीपासून दुसरीकडे सरळ जात नाहीत. मुंग्या, शेणकिडे, माश्या अशा जिवांच्या पोटातून ते येतात. ज्या परसात उकिरडा आणि खुराडे शेजारी शेजारी असतात, तेथे त्यांचा सुकाळ असतो.

कोंबडीला जंत झाले हे ओळखावे कसे? तुरा फिका पडतो. खाणे असूनही छातीचे हाड हाताला लागते. पिसे विस्कटलेली दिसतात, पंख लोंबतात, शीट पातळ होते, अंडी कमी होतात. तीन महिन्यांखालील पिल्लांना हा त्रास सर्वांत अधिक होतो. मोठ्या कोंबडीच्या अंगी काही प्रतिकारशक्ती येते, म्हणून ती वरवर बरी दिसते, पण तीच परसात अंडी पसरवीत असते. आमच्या एका शेजाऱ्यांनी झाबुआकडील काळ्या कडकनाथ कोंबड्या पाळल्या आहेत. त्यांच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून शहरांतही त्यांची हौस वाढली आहे. “आमच्या कोंबड्या रानातल्या, त्यांना जंत होत नाहीत,” असे ते म्हणत. जात कणखर असली म्हणून ती मातीतील अंडी टिपण्याचे सोडीत नाही. तपासणीत त्यांच्याकडेही जंत निघालेच.

परंतु वर सांगितलेली लक्षणे अन्य रोगांतही दिसतात, हे विसरू नये. पिल्लांच्या शिटेत रक्त पडू लागले, तर तो बहुधा कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म जीवांचा रोग असतो. त्यावर जंतांचे औषध काहीच करीत नाही, त्याचे औषध निराळे आहे. हिरवी शीट, मान वाकडी होणे, धाप लागणे अशी लक्षणे दिसली तर राणीखेत रोगाची शंका घ्यावी. त्या रोगावर उपाय नाही, केवळ आधी टोचलेली लस आहे. आणि एकाएकी पुष्कळ कोंबड्या मरू लागल्या, तर मेलेला पक्षी घरी कापून पाहू नये, हाताळू नये, सरकारी पशुवैद्यांना तत्काळ कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला ‘बर्ड फ्लू’ उघडकीस आला, तेव्हा त्याचे निदान आमच्या भोपाळातील आनंदनगरच्या प्रयोगशाळेत झाले होते, हे पुष्कळांना आठवत असेल. तसल्या रोगासाठी तशी बंदिस्त प्रयोगशाळाच लागते.

जंतांच्या निदानासाठी मात्र इतका खटाटोप नको. चार-पाच कोंबड्यांची सकाळची ताजी शीट एका स्वच्छ डबीत घ्यावी आणि त्याच दिवशी जवळच्या पशुचिकित्सालयात न्यावी. तेथे ती मिठाच्या संपृक्त पाण्यात कालवतात. जंतांची अंडी हलकी असल्यामुळे वर तरंगतात, आणि वरचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की ती स्पष्ट दिसतात. मी मावशींच्या नातवाला सोबत नेले होते. नळीतून डोकावून तो म्हणाला, “बाई, ही तर कोंबडीच्या अंड्यासारखीच दिसतात!” खरोखरच ती लंबगोल असतात. पट्टकृमींची अंडी मात्र या रीतीने सहसा सापडत नाहीत, म्हणून शिटेवर कणीसारखे तुकडे दिसले असल्यास ते डॉक्टरांना आठवणीने सांगावे. तपासणीवाचून औषध देणे म्हणजे प्रश्न न वाचता उत्तर लिहिणे होय.

आता औषधाकडे वळू. पायपराझीन हे जुने औषध पाण्यात विरघळते आणि मोठ्या गोलजंतांवर चांगले चालते. परंतु अन्य जंतांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. लेव्हामिसोल, फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल यांचा पल्ला अधिक मोठा आहे. पट्टकृमींसाठी प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइड वापरतात. कोणते औषध, किती आणि कितीदा, हे जंताची जात आणि कोंबडीचे वजन पाहून पशुवैद्यांनीच ठरवावे. मी केवळ हिशेब कसा करतात तो सांगते, म्हणजे माझी चूक आपल्याकडून होणार नाही.

समजा, डॉक्टरांनी गोलजंतांसाठी दर किलो वजनाला १० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल सांगितले. दीड किलोच्या कोंबडीला १५ मिलिग्रॅम लागतील. माणसांची एक गोळी ४०० मिलिग्रॅमची असते, म्हणजे ती अशा सव्वीस कोंबड्यांना पुरून थोडी उरेल. ज्यांनी एकेका पिल्लाच्या घशात अर्धी अर्धी गोळी घातली, त्यांनी काय केले हे यावरून समजावे. या औषधाची मात्रा फार वाढली तर पक्ष्यांना विषबाधा होऊ शकते. आणि मी बादलीत गोळी कालवावयास सांगितली, ती चूक वेगळ्या प्रकारची होती. अल्बेंडाझोल पाण्यात विरघळत नाही, त्याची पूड तळाशी बसते. शिवाय पावसाचे दिवस, परसात जागोजाग डबकी. ज्यांना डबक्यातले पाणी गोड लागले त्यांनी बादलीला चोच लावली नाही, आणि जिने तळ ढवळला तिने तिघींचे औषध एकटीने घेतले. अपुरी मात्रा वारंवार मिळाली म्हणजे जंत तिला सरावतात, हा आणखी एक तोटा.

म्हणून पुढे आम्ही पातळ औषध आणले. त्यात दर मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम औषध होते. म्हणजे दीड किलोच्या कोंबडीला ०.६ मिलिलिटर. सुई काढलेल्या लहान पिचकारीत तेवढे मोजून घ्यावे. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर त्या हाताला सहज लागतात. एकीला कुशीत धरावे, चोचीच्या कडेने थेंब थेंब औषध सोडावे, आणि ती गिळते हे पाहावे. औषध घशात जोराने सोडू नये, ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. आधी बाटली हलवून घ्यावी, आणि औषध झालेल्या कोंबडीच्या पायाला रंगीत दोरा सैलसर बांधावा, म्हणजे घोटाळा होत नाही. जे औषध पाण्यातून द्यावयाचे असते, ते देण्यापूर्वी दोन-तीन तास पाणी काढून ठेवावे आणि मग थोडक्या पाण्यात कालवून सर्वांपुढे एकदम मांडावे. कडक उन्हाळ्यात मात्र पाणी तोडू नये.

औषध दिल्यानंतर किती दिवस अंडी आणि मांस खाऊ नये, हे वेष्टनावर पाहावे किंवा डॉक्टरांना विचारावे. सणासाठी राखलेल्या कोंबड्याला सणाच्या आधल्या आठवड्यात औषध पाजणे शहाणपणाचे नाही. आमच्याकडे नाताळाचा कोंबडा मावशींकडून येतो. तेव्हापासून त्याला औषध द्यावयाचे असल्यास ते ऑक्टोबरातच उरकून घेतात. तसेच, सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना राणीखेतची मोठी लस टोचावयाची असते. त्यापूर्वी आठवडाभर आधी जंतांचे औषध देण्याची पद्धत आहे. जंतांनी पोखरलेल्या पिल्लाच्या अंगी लस नीट लागत नाही.

घरगुती औषधांविषयी मला नेहमी विचारतात. पळसाचे बी, ज्याला आपण पळसपापडी म्हणतो, आणि वावडिंग ही दोन्ही आपल्या वैद्यकात जंतांवर सांगितली आहेत, आणि कोंबड्यांच्या जंतांवर त्यांचे प्रयोगही झाले आहेत. त्यांत काही गुण असेल. परंतु प्रत्येक बियांत तो सारखा नसतो, आणि किती द्यावे याचे ठरीव माप हाती नाही. तेव्हा भरलेल्या पोटाच्या कोंबडीला त्यांवर विसंबून ठेवू नये. तंबाखूचे पाणी आणि मोरचूद मात्र कधीही पाजू नये. तंबाखूतील विषाने जंताआधी कोंबडीच मरावयाची.

आता डॉक्टरांचा प्रश्न: अंगणाला काय दिलेत? मावशींच्या परसात आम्ही पुढील गोष्टी केल्या. त्यांत विशेष खर्चाचे काही नाही.

परसाचे जुन्या जाळीने दोन भाग केले. एका भागात कोंबड्या सोडावयाच्या, दुसरा उन्हात मोकळा तापू द्यावयाचा, आणि दोन-तीन महिन्यांनी अदलाबदल करावयाची. पावसाळ्यात या विश्रांतीचा गुण कमी येतो, परंतु एप्रिल-मे महिन्यांत भोपाळचे ऊन हे काम फुकट करून देते. खुराड्याजवळची, शिटेने काळी पडलेली वरची माती चार बोटे खरवडून काढली आणि तेथे कोरडा मुरूम टाकला. खुराड्याची जमीन बांबूच्या पट्ट्यांची करून हातभर उंच उचलली, म्हणजे रात्रीची शीट खाली पडते आणि कोंबडीची चोच तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ती शीट रोज सकाळी गोळा करून दूरच्या खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर कुजवतात. ढीग आतून चांगला तापला म्हणजे अंडी मरतात, आणि पुढे त्याचे खत होते. दाणे जमिनीवर फेकण्याची आपली जुनी सवय आहे. ती सोडून दाण्यासाठी लाकडी कुंडे केले, पाण्याचे भांडे विटांवर ठेवले, आणि त्याखालचा चिखल होणारा खळगा बुजवला. पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी, कोऱ्या जागेवर डालग्याखाली वाढवली. नवी कोंबडी विकत आणली तर ती दोन-तीन आठवडे वेगळी ठेवून, तपासून मगच कळपात सोडावयाची. खाण्यात शेवग्याचा पाला, पालक आणि लसूणघास रोज थोडा तरी घातला. जीवनसत्त्व ‘अ’ अपुरे पडलेल्या कोंबडीला जंत लवकर नडतात.

या सगळ्यातून मलाही माझ्या शाळेकडे नव्याने पाहता आले. मुलांच्या पोटातील गोलजंत निराळा, कोंबडीचा निराळा. पण दोघांची अंडी मातीत पिकतात आणि तोंडावाटे परत येतात. वर्षातून दोनदा गोळी देऊन मी हात झटकीत असे. शौचालय, साबण, कापलेली नखे आणि पायांतील चपला यांवाचून ती गोळी म्हणजे मावशींची बादलीच. आता जंतमुक्तीच्या दिवशी गोळीनंतर मी मुलांना हात धुण्याच्या नळाकडे नेते, आणि नळ कोरडा असेल तर त्याविषयी लिहून कळवते.

मावशींच्या कोंबड्या हिवाळ्यापर्यंत सुधारल्या. तुरे लाल झाले, अंडी पुन्हा येऊ लागली. शिटेची दुसरी तपासणी केली, तेव्हा तीत जंतांची अंडी अगदी थोडी निघाली. अजिबात निघाली नाहीत असे मी म्हणणार नाही. मोकळ्या परसात ती शून्यावर येत नाहीत, आटोक्यात ठेवावी लागतात. ज्या तोंडाने ती जुनी हकीकत गल्लीभर गेली होती, त्याच तोंडाने नवी सांगणे हे माझे कर्तव्य होते. मी आणि माझी मुलगी घरोघर गेलो. दोन घरांनी अजून अंडी सुरू केलेली नाहीत. बाकीची घेतात.

नातवाने एका वहीत खुराड्याचा हिशेब ठेवला आहे. औषधाची तारीख, दुसऱ्या मात्रेची तारीख, तपासणी कधी, परसाची अदलाबदल कधी, अंडी किती दिवस विकावयाची नाहीत, हे सारे त्यात लिहिलेले असते. ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत त्या प्रत्येक घरी अशी एक वही असावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.